विषमज्वराचे निदान : आधी काचपट्टी, मग काढा

‘आता मलेरिया राहिला आहे कोठे?’ हा प्रश्न गेल्या काही वर्षांत व्यवसायबंधूंच्या बैठकींतून आमच्या कानी वारंवार पडतो. विचारणाऱ्याचा अनुभव खोटा नसतो. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होई व आठ लक्ष माणसे त्यात दगावत, असा त्या काळचा अंदाज आहे. २०१५ साली देशात नोंदलेले रुग्ण पावणेबारा लाखांच्या आत होते आणि २०२३ साली ही संख्या सव्वादोन लाखांच्या आसपास आली. २०२७ पर्यंत स्थानिक हिवतापाचे रुग्ण शून्यावर आणावयाचे व २०३० पर्यंत रोगाचे उच्चाटन करावयाचे, असा राष्ट्रीय संकल्प आहे. महाराष्ट्रात गडचिरोली व मुंबई वगळता इतर पुष्कळ जिल्ह्यांतील वैद्यांना वर्ष वर्ष एकही सिद्ध रुग्ण पाहावयास मिळत नाही.

ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु तिच्यातच आम्हांस एक धोकाही दिसतो. जो रोग डोळ्यांसमोरून नाहीसा होतो, तो वैद्याच्या विचारातूनही नाहीसा होतो. आणि मग तो एखाद्या रुग्णाच्या रूपाने समोर येऊन बसला तरी ओळखू येत नाही. म्हणून आमचे म्हणणे आरंभीच स्पष्ट मांडतो. हिवतापाची शंका घेण्याजोगा ताप असेल, तर औषधाची पहिली मात्रा देण्यापूर्वी रक्ताची काचपट्टी घेतलीच पाहिजे. वैद्य शुद्ध आयुर्वेदाचा असो वा मिश्र चिकित्सा करणारा असो, या नियमाला अपवाद नसावा. हा आग्रह आयुर्वेदाच्या विरोधी आहे असे काही बांधवांना वाटते. आमच्या मते तो आयुर्वेदाचाच आग्रह आहे.

प्रथम आमच्या परिसराचा विचार करू. शिरूर व दौंड हे तालुके एके काळी कोरडवाहू म्हणून ओळखले जात. आज घोड आणि भीमा या नद्या, चिंचणीचे घोड धरण, चासकमान, कुकडी व खडकवासल्याचे कालवे यांच्या पाण्यावर येथे ऊस उभा आहे. कालव्याच्या कडेची पाझराची डबकी आणि नदी आटल्यावर पात्रात उरणारी कुंडे ही अ‍ॅनोफेलीस क्युलिसिफेसीस या डासाची आवडती स्थाने होत. दुसरीकडे रांजणगाव, सणसवाडी, कुरकुंभ या औद्योगिक पट्ट्यांत बांधकामाच्या टाक्या व उघडे हौद आहेत. तेथे अ‍ॅनोफेलीस स्टीफेन्सीची सोय होते. या पट्ट्यांत झारखंड, ओडिशा, छत्तीसगड येथून हजारो कामगार येतात, आणि त्या प्रदेशांतील काही जिल्ह्यांत फॅल्सिपेरम जातीचा हिवताप अजून आहे. दौंड जंक्शनवर उतरणाऱ्या एखाद्या माणसाच्या रक्तातून परजीवी येतो. डास येथलाच असतो. रोगाची ही दोन अंगे एकत्र येण्यास फार काळ लागत नाही.

काही वर्षांपूर्वीचा भाद्रपद आम्ही विसरू शकत नाही. औद्योगिक वसाहतीत बांधकामावर आलेला, झारखंडकडचा एक विशीतला तरुण आमच्या चिकित्सालयात आला. तीन दिवसांचा ताप, अंग मोडून येणे, डोके दुखणे, मळमळ, जिभेवर जाड साका. थंडी वाजते का, असे विचारले, ‘थोडीशी’ म्हणाला. ताप एक दिवसाआड येतो का, असे विचारले. ‘उतरतच नाही’ म्हणाला. एवढ्यावरून आम्ही विषमज्वर मनातून काढून टाकला. सामज्वर समजून लंघन, षडंगपानीय व पाचन औषधे देऊन दोन दिवसांनी येण्यास सांगितले. तिसऱ्या दिवशी त्याचे सोबती त्याला मोटारसायकलवर मध्ये धरून घेऊन आले. बोलणे असंबद्ध झाले होते, डोळे पिवळे होते, लघवी गडद होत असल्याचे सोबत्यांनी सांगितले. तेव्हा कोठे काचपट्टी घेतली. सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्या तंत्रज्ञाने आम्हांस बोलावून दाखविले : प्रत्येक क्षेत्रात नाजूक कडी, कित्येक रक्तपेशींत दोन-दोन. फॅल्सिपेरमच होता. त्याच तासाला त्याला पुण्यास पाठविले. तो बचावला; मात्र त्यात आमच्या औषधाचा वाटा नव्हता. तो दहा-बारा दिवसांपूर्वीच गावाहून आला आहे, हे पहिल्याच दिवशी केसपेपरवर आमच्याच अक्षरात लिहिलेले होते. लिहिले, पण त्याचा अर्थ वाचला नाही. मधले दोन दिवस वाया गेले, त्यांचा दोष सर्वस्वी आमचा होता.

येथे आमची चूक कोठे झाली, याचा शास्त्रीय विचार आवश्यक आहे. संतत, सतत, अन्येद्युष्क, तृतीयक व चतुर्थक असे विषमज्वराचे पाच प्रकार आपण पाठ करतो. दिवसातून दोनदा येणारा, एकदा येणारा, एक दिवसाआड येणारा, दोन दिवस सोडून येणारा, हे वर्णन इतके नेमके आहे की वेगाच्या गणनेवरच निदान करण्याचा मोह होतो. व्हायव्हॅक्सचे चक्र सुमारे ४८ तासांचे व मलेरीचे ७२ तासांचे असते. तृतीयक व चतुर्थकाशी त्यांचा मेळ बसतो, हे खरेच. पण रक्तात व्हायव्हॅक्सच्या दोन पिढ्या एक दिवसाच्या अंतराने पक्व होत असतील तर तोच ताप रोज येतो. फॅल्सिपेरमचा ताप तर आरंभी बहुधा अनियमितच असतो, कित्येकदा उतरतच नाही. ज्या रोगात जीव जाण्याची भीती सर्वांत अधिक, तोच वेगांचा नियम सर्वांत कमी पाळतो. तृतीयकाची वाट पाहत बसणारा वैद्य म्हणूनच फसतो. पाच प्रकारांत संतताची गणना पहिली आहे, हे आम्ही त्या दिवशी विसरलो होतो.

‘आपले शास्त्र दोष-दूष्यांचे, जंतू शोधणे हे आपले काम नव्हे,’ असा आक्षेप काही ज्येष्ठ बांधव घेतात. त्यांच्याविषयी पूर्ण आदर बाळगून आम्ही असे विचारतो की, आधी रोगाची परीक्षा व नंतर औषधाची योजना हा क्रम कोणी घालून दिला? चरकसंहितेच्या सूत्रस्थानातच तो आहे. त्याच सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात, वस्तू अस्तित्वात असूनही प्रत्यक्ष का होत नाही, याची कारणे दिली आहेत : अति जवळ असणे, अति दूर असणे, मध्ये आवरण असणे, इंद्रिय दुर्बळ असणे, मन अन्यत्र असणे, सारख्या वस्तूंत मिसळणे, प्रबळ वस्तूने झाकले जाणे आणि अतिसूक्ष्म असणे. जे दिसत नाही ते नाहीच, असे मानणाऱ्याला दिलेले हे उत्तर आहे. सूक्ष्मदर्शक यंत्र या आठांपैकी अतिसूक्ष्मतेचा अडथळा दूर करते. म्हणजे प्रत्यक्ष प्रमाणाचीच कक्षा वाढविते. विमानस्थानात रक्तज कृमींपैकी काही सूक्ष्मपणामुळे अदृश्य असतात, असेही म्हटले आहे. यावरून प्राचीनांना प्लास्मोडियम ठाऊक होता असा दावा करणे आम्हांस मान्य नाही. तशा दाव्यांनी आपलेच हसे होते. परंतु अदृश्य कारणाला स्थान देणारी ही दृष्टी ज्यांच्या ग्रंथात आहे, त्यांनी ते दृश्य करणाऱ्या साधनाकडे पाठ फिरवावी, हे विसंगत होय.

हे साधन परक्यांचे म्हणून दूर ठेवावे, तर तेही इतिहासाला धरून नाही. अल्फोन्स लाव्हेरान यांनी १८८० साली अल्जीरियात रुग्णाच्या रक्तात हा परजीवी प्रथम पाहिला. डासाच्या शरीरातील त्याचा प्रवास रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी पाहिला, तो आपल्या सिकंदराबादेत. परजीवीला रंग देण्याच्या पद्धती लीशमन व गीम्सा यांच्या नावांनी प्रसिद्ध आहेत. पण आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात दशकानुदशके वापरला गेलेला जेएसबी रंग जसवंत सिंग व भट्टाचार्जी या भारतीय शास्त्रज्ञांनी १९४४ साली दिला. स्वस्त, टिकाऊ आणि थोड्या वेळात रंगविणारी ही पद्धत असंख्य आरोग्य केंद्रांतून वापरली गेली.

आता काचपट्टीविषयी थोडे. ती घेण्यास पाच मिनिटे लागत नाहीत. डाव्या हाताचे बोट स्पिरिटने पुसून, कोरडे होऊ देऊन टोचावे. एकाच काचेवर दोन नमुने घ्यावेत. दोन-तीन थेंब एकत्र पसरून सुमारे एक सेंटिमीटर व्यासाचा जाड थर करावा. काचेखाली छापील कागद धरला असता त्यातून अक्षर जेमतेम वाचता यावे, इतकाच जाड. शेजारी एका थेंबाचा, जिभेच्या आकाराचा पातळ थर ओढावा. पातळ थर मिथेनॉलने पक्का करतात; जाड थराला मिथेनॉल लागू देऊ नये, कारण त्यातील रक्तपेशी फुटून रंगद्रव्य धुऊन जावे लागते. जाड थरात थोड्या जागेत पुष्कळ रक्त तपासले जाते, म्हणून परजीवी आहे की नाही हे तो सांगतो. पातळ थरात पेशी अखंड राहतात, म्हणून परजीवी कोणत्या जातीचा हे तो सांगतो. फुगलेली पेशी व तिच्यात बारीक ठिपके असतील तर व्हायव्हॅक्स; पेशी नेहमीच्या आकाराची, नाजूक कडी, एकाच पेशीत अनेक, वा केळ्याच्या आकाराची युग्मकपेशी असेल तर फॅल्सिपेरम. शिवाय परजीवी मोजता येतात. दोनशे श्वेतपेशींमागे किती दिसले ते मोजून चाळीसने गुणले की एका मायक्रोलिटर रक्तातील अंदाजी संख्या मिळते. उपचाराने ती घटते की नाही, हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा पाहता येते.

काचपट्टीच्या मर्यादाही ध्यानात असाव्यात. जाड थराची निदान शंभर क्षेत्रे तपासल्याखेरीज ‘परजीवी नाही’ असा अहवाल देऊ नये. फॅल्सिपेरमचे पक्व परजीवी सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून राहतात, त्यामुळे रुग्ण अत्यवस्थ असूनही बोटाच्या रक्तात ते थोडेच दिसू शकतात. म्हणून शंका दाट असताना एक नमुना निर्दोष आला तरी बारा ते चोवीस तासांनी पुन्हा घ्यावा. थंडी भरण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. नमुना कोणत्याही वेळी घेता येतो. मात्र तो औषधापूर्वी घ्यावा. मेडिकल दुकानातून आणलेल्या क्लोरोक्विनच्या दोन गोळ्या पोटात गेल्यावर काचपट्टी निर्दोष येते. पण त्या अपुऱ्या मात्रेने रोग गेलेला नसतो.

ज्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक वा कुशल तंत्रज्ञ नाही, त्यांच्यासाठी जलद चाचणीची पट्टी आहे. बोटाचा एक लहानसा थेंब आणि पंधरा-वीस मिनिटे एवढ्यात उत्तर मिळते. राष्ट्रीय कार्यक्रमात २०१३ पासून फॅल्सिपेरम व व्हायव्हॅक्स या दोन्ही जाती ओळखणारी पट्टी वापरात आहे. रात्री-अपरात्री, आडगावी ती मोलाची ठरते. तरी तिचे स्वरूप समजून घ्यावे. ती परजीवी दाखवीत नाही, त्याचे प्रथिन दाखविते. फॅल्सिपेरमचे एचआरपी-२ हे प्रथिन उपचारानंतरही काही आठवडे रक्तात राहते. म्हणून रोग बरा झाला की नाही हे त्या रेषेवरून ठरविता येत नाही. परजीवी फारच थोडे असतील तर रेषा उमटत नाही. उन्हात, गाडीच्या डिकीत पडून राहिलेली पट्टीही विश्वासार्ह नसते. चाचणीची पट्टी व काचपट्टी परस्परांना पूरक आहेत. दोन्ही घ्याव्यात हे उत्तम. पीसीआर चाचणी या दोहोंहून सूक्ष्म खरी, पण ती संशोधनाच्या व मोठ्या प्रयोगशाळांच्या उपयोगाची. तापाने फणफणलेल्या रुग्णासाठी तिची वाट पाहता येत नाही.

अलीकडे आणखी एक घोटाळा होतो. ताप आला की प्रथम रक्तपेशींची यंत्रावरील मोजणी होते, प्लेटलेट कमी दिसतात, आणि घरातील सर्वांच्या तोंडी ‘डेंगू’ हा एकच शब्द येतो. पपईच्या पानांचा रस सुरू होतो. आपल्यापैकीही कित्येक तो देतात. प्लेटलेट हिवतापातही घटतात, हे कोणी विचारात घेत नाही. तीच गोष्ट विडालची. आपल्या प्रदेशात पूर्वीच्या संसर्गामुळे वा इतर तापांतही ती चाचणी सकारात्मक येऊ शकते. एकट्या विडालवर विषमज्वर नाकारणे धोक्याचे आहे. येथे भाषेचाही गोंधळ आहे. व्यवहारातील मराठीत टायफॉइडला ‘विषमज्वर’ म्हणतात आणि आपल्या ग्रंथांतील विषमज्वर हिवतापाच्या जवळचा. केसपेपरवर निव्वळ ‘विषमज्वर’ लिहिले तर पुढच्या वैद्याने काय समजावे? प्रयोगशाळेचा अहवाल सोबत असेल तर हा प्रश्न उरत नाही.

‘गरीब रुग्णाला तपासण्यांचा खर्च कशाला?’ असेही विचारले जाते. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिवतापाची रक्ततपासणी विनामूल्य होते. आपण काचपट्टी घेऊन, नाव-पत्ता व तारीख घालून आरोग्यसेवकाच्या हाती दिली तरी काम होते. एके काळी तापाच्या रुग्णास अहवाल येण्यापूर्वीच क्लोरोक्विनची अंदाजी मात्रा देण्याची पद्धत राष्ट्रीय कार्यक्रमात होती. रोग घरोघरी असताना तिला अर्थ होता. २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रत्येक संशयित रुग्णात परजीवीची खात्री करूनच उपचार करावा, असे सुचविले. आज शंभर तापांत हिवतापाचा एखादाच असेल, तर अंदाजाने औषध देणे म्हणजे नव्याण्णवांना विनाकारण औषध देणे. आणि तपासणीच न करणे म्हणजे त्या एकाला सोडून देणे होय.

आता जो मुद्दा आमच्या सर्वांत जिव्हाळ्याचा, तो मांडतो. ‘आमच्या काढ्याने मलेरिया हमखास जातो,’ असे सांगणारे बांधव पुष्कळ भेटतात. त्या तापात परजीवी होता, हे कशावरून, असे विचारले की उत्तर मिळत नाही. पावसाळ्यातील बहुतेक ताप पाच-सात दिवसांत आपोआप उतरतात. व्हायव्हॅक्सचा तापही एखाद्या दिवशी उतरलेला असतो; त्या दिवशी दिलेल्या कोणत्याही औषधाला यश मिळते. काचपट्टीवाचून केलेला दावा आपल्या बैठकीत टाळ्या मिळवील, पण तो पुरावा नव्हे. सप्तपर्ण, कटुकी, किराततिक्त व लताकरंज यांपासून केंद्रीय आयुर्वेद संशोधन परिषदेने आयुष-६४ हा योग हिवतापासाठी सिद्ध केला. व्हायव्हॅक्सच्या रुग्णांत त्याची क्लोरोक्विनशी तुलना करणारा अभ्यास २००० साली ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला, अठ्ठावीस दिवसांपर्यंत रक्त तपासले असता आयुष-६४ क्लोरोक्विनच्या मानाने पुष्कळ कमी पडले. हा निष्कर्ष आम्हांस रुचला नाही, पण तो आम्ही मान्य करतो. तो काचपट्टीने दिला आहे. आणि काचपट्टी पक्षपात करीत नाही, हे चीनच्या तू योयो यांच्या उदाहरणावरून दिसते. चौथ्या शतकातील गे होंग यांच्या ग्रंथातील वनस्पती थंड पाण्यात पिळून घेण्याच्या सूचनेवरून त्यांना कमी उष्णतेच्या निष्कर्षणाची दिशा मिळाली. १९७१ साली त्यांच्या अर्काने उंदरांच्या रक्तातील परजीवी नाहीसे केले. पुढे त्यातून आर्टिमिसिनिन आले व २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ग्रंथाने वाट दाखविली आणि रक्ततपासणीने ती जगापुढे सिद्ध केली. आपल्या सप्तपर्णालाही हा मान मिळावा असे वाटत असेल, तर वाट तीच आहे.

तोपर्यंत चिकित्सेच्या मर्यादा पाळल्या पाहिजेत. फॅल्सिपेरम सिद्ध झाला की आर्टिमिसिनिनयुक्त संयुक्त उपचार राष्ट्रीय धोरणाप्रमाणे तत्काळ सुरू व्हावा. तेथे एकट्या काढ्याचा प्रयोग करण्याचा अधिकार कोणालाही नाही. शुद्ध हरपणे, कावीळ, लघवी कमी होणे, धाप, वारंवार उलट्या यांपैकी काही असेल तर रुग्ण विनाविलंब मोठ्या रुग्णालयात गेला पाहिजे. जमिनीत दडलेले बीज काळ येताच रुजावे तसे धातूंत लपलेले दोष पुन्हा ज्वर उत्पन्न करतात, हा दृष्टांत चरकांनी दिला आहे. व्हायव्हॅक्सचे सुप्त रूप यकृतात राहून महिन्यांनी ताप परत आणते, त्याची आठवण यावरून होते. त्यासाठी प्रायमाक्विनचा चौदा दिवसांचा क्रम पूर्ण व्हावा लागतो, आणि तत्पूर्वी जी-६-पीडी या विकराच्या न्यूनतेचा विचार व्हावा लागतो. गर्भिणीस व लहान अर्भकास ते देत नाहीत. हे निर्णयही जात कळल्याशिवाय होत नाहीत. रोग गेल्यावरचा अग्निमांद्य, पांडुत्व, प्लीहावृद्धी, बलहानी यांत मात्र आपल्या शास्त्राला विस्तृत क्षेत्र आहे, आणि तेथे आपण मनःपूर्वक काम करावे.

संघटनेच्या तालुका शाखांपुढे आम्ही तीन सूचना ठेवतो. प्रत्येक सदस्याच्या चिकित्सालयात कोऱ्या काचपट्ट्या, लॅन्सेट व जलद चाचणीच्या काही पट्ट्या असाव्यात, आणि तापाच्या केसपेपरवर ‘गेल्या महिन्यातील प्रवास’ असा रकाना असावा. वर्षातून एकदा, जेष्ठात पाऊस स्थिरावण्यापूर्वी, तंत्रज्ञांच्या मार्गदर्शनाखाली काचपट्टी घेण्याचा व वाचण्याचा एक दिवसाचा वर्ग व्हावा. पदवीच्या अभ्यासक्रमात विकृतिविज्ञानाच्या प्रात्यक्षिकात जे शिकलो, ते पुन्हा हाताखालून जावे. आणि प्रत्येक दूषित नमुन्याची माहिती त्याच दिवशी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना कळवावी, म्हणजे त्या वस्तीतील इतरांचे रक्त व तेथील डबकी वेळेत तपासली जातील.

त्या तरुणाची काचपट्टी आम्ही जपून ठेवली आहे. रंग आता फिका झाला आहे. नवीन वैद्य आमच्याकडे शिकण्यास आले की आम्ही त्यांना प्रथम ती दाखवितो आणि केसपेपरवरील तारीखही दाखवितो. काचपट्टीवरची तारीख दोन दिवस नंतरची आहे.